कोळीवाड्यातली जोरलेली गारी

आमच्या आंबेटेकहून मुंबईला गेलेली माणसं पुष्कळ. घरटी एक जण गिरणीत आहे म्हटलं तरी चालेल. पण मुंबईला जाऊन मोटार विकत घेऊन आलेला माणूस गावात आजवर झाला नव्हता, आणि ते काम माझ्या अंगावर येईल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. परत आल्यापासून जो भेटतो तो विचारतो, "मास्तर, तिकडं नक्की झालं काय?" प्रत्येकाला तुकड्या-तुकड्यानं सांगताना गोष्ट दर वेळी थोडी बदलते असं लक्षात आलं, म्हणून एकदा सलग लिहून ठेवतो आहे.

आंबेटेक सातारा जिल्ह्यात, अगदी घाटमाथ्यावर. गावात शाळा चौथीपर्यंत. हायस्कूल घाट उतरून खाली. एस.टी. पायथ्यालाच वळसा घेऊन माघारी जाते, कारण वरचा रस्ता तांबड्या मातीचा, आणि पावसाळ्यात त्याचा लगदा होतो. मी शिकलो तो खालच्या बोर्डिंगात राहून, आणि पुढं कोल्हापूरला बी.ए. झालो. फीचा भार गावानं उचलला. कुणी भात दिलं, कुणी एक वर्ष म्हशीचं तूप दिलं. मुलग्याला असं बोर्डिंगात ठेवता येतं. मुलीला कोण ठेवणार? म्हणून गावातली एकही मुलगी आजवर पाचवीच्या वर्गात बसली नाही. मी शाळेत मास्तर म्हणून आल्यापासून हाच एक विषय लावून धरला होता. शेवटी गाव कबूल झालं: सगळ्यांनी मिळून एक गाडी घ्यायची, सकाळ-संध्याकाळ तिनं मुलांची ने-आण करायची, मधल्या वेळात हिरडा आणि भात बाजाराला न्यायचा.

साधी गाडी आमच्या चिखलात चालत नाही. साध्या गाडीत इंजिन फक्त मागची चाकं फिरवतं. लढाईत अमेरिकेहून ज्या लष्करी गाड्या आल्या त्यांत एक जादा दांडा असतो. तो ओढला की पुढची चाकंही जोर लावतात. मागं माल ठेवायला उघडा हौदा. अशा जुन्या गाड्या मुंबईत मिळतात असं आमच्या खालच्या गावच्या, पलटणीत गाडी चालवलेल्या निवृत्त हवालदारांनी सांगितलं. त्यांनी मला चार गोष्टी पढवून पाठवलं. इंजिन आधी हात लावून बघ; गरम असलं तर तू यायच्या आधी त्यांनी ते कसंबसं चालू करून ठेवलेलं असणार. रंग नवा असला तर खरवडून बघ. आणि लाजू नको, गाडीखाली झोप.

माझ्याबरोबर गावानं आबांना दिलं. आबा म्हणजे पंचक्रोशीतले बैलाचे पारखी. जनावराच्या अंगावरचा भोवरा बघून ते त्याचा स्वभाव सांगतात. मला इंग्रजी येतं म्हणून मी, आणि माणूस ओळखता येतो म्हणून ते. निघताना मला एकच भीती होती. गाडी वाईट निघाली तर पैसा जाईलच, पण गाव म्हणेल, बी.ए. झालेला फसला, मग पोरींना शिकवून काय करायचंय?

लालबाग

लालबागला आमच्या गावच्या लोकांची एक खोली आहे. एका खोलीत पंधरा-वीस माणसं, पण पाळ्या वेगवेगळ्या असल्यामुळे झोपायला जागा होते. माझा चुलतभाऊ विठूदादा तिथलाच. तो विणकाम खात्यात आहे. खोलीत शिरताच त्यानं आधी पैसे कुठे बांधलेत ते विचारलं, आणि मी सांगायला तोंड उघडताच म्हणाला, "मला पण सांगू नको." मला त्या वेळी हे विचित्र वाटलं. गावी आम्ही दाराला कडी लावत नाही.

द्विभाषिक राज्याचे ते दिवस. रस्त्यानं चालताना भिंती वाचत जावं लागत होतं. मुंबई कुणाची, महाराष्ट्र कसा हवा, हे डांबरानं, चुन्यानं, कोळशानं लिहिलेलं. आबांना वाचता येत नाही; ते विचारायचे, "हितं काय लिवलंय?" मी सांगायचो. पुढच्या भिंतीशी पुन्हा. शेवटी ते म्हणाले, "समद्या भिंतींवर एकच हाय. म्हंजी अजून मिळालेलं न्हाय."

जेवायला खाली मालवणी काकींची खानावळ. आमच्याकडे मासा म्हणजे ओढ्यातला, बोटाएवढा. इथं ताटात सुक्या बोंबलाचं कालवण आणि नारळ घातलेली आमटी. आबांनी बोंबील उचलून उजेडात धरला, वास घेतला, आणि ह्याला मरून किती दिवस झाले म्हणून विचारलं. काकी हसल्या नाहीत. आम्ही गाडी घ्यायला आलोय हे कळल्यावर त्यांनी माझ्या ताटात आणखी भात वाढला आणि म्हणाल्या, "मास्तरानू, हय कोण कोणाचो नाय. आपला ताट आपण सांभाळूक व्होया." त्यानंतर मी जेवताना एक हात पोटाशी ठेवूनच जेवलो, कारण पैसे तिथं होते.

परळ

विठूदादानं एका दलालाचा पत्ता आणला होता. परळला गिरण्यांच्या मागच्या बाजूला, पत्र्याच्या शेडमध्ये तो दलाल आम्हाला घेऊन गेला. माणूस आपलाच, बोलायला गोड, मला पहिल्या वाक्यापासून 'सर' म्हणत होता. शेडमध्ये हिरव्या रंगाची गाडी उभी होती. रंग इतका ताजा की आबांच्या धोतराला लागला.

मी हवालदारांनी सांगितल्याप्रमाणे पुढच्या जाळीवर हात ठेवला. ती चांगलीच गरम होती. मी विचारलं, आत्ताच कुठे फिरून आली का? दलाल म्हणाला, नाही हो सर, गेले आठ दिवस जागची हललेली नाही. आबा मला बाजूला घेऊन म्हणाले, "आठ दिस बसलेल्या बैलाला घाम कसा आला?"

मग मी गाडीखाली झोपलो. दलालाला ते आवडलं नाही. कपडे खराब होतील म्हणून तो सारखा माझी काळजी करत होता. खाली तेल गळत होतं, पण मला हवं होतं ते वेगळंच. इंजिनापासून मागच्या चाकांकडे जाणारी लांब नळी दिसली. तशीच दुसरी पुढच्या चाकांकडे जायला हवी होती. ती नव्हतीच. दोन्ही टोकांना नुसती भोकं, त्यांत चिंध्या कोंबलेल्या. आत बसायच्या जागी मात्र तो जादा दांडा झकास बसवलेला, ओढला की खट्ट आवाजही करायचा. तो कशालाच जोडलेला नव्हता.

मी बाहेर येऊन सांगितलं तर दलाल जराही ओशाळला नाही. मुंबईत पुढच्या चाकांना जोर कशाला लागतो, इथं रस्ते डांबरी आहेत, असं म्हणाला. मी म्हटलं, "पण आम्ही मुंबईत राहत नाही." यावर तो माझ्याकडे अशा नजरेनं बघत राहिला, जणू चूक माझीच आहे.

बाहेर चहाच्या टपरीवर आबा म्हणाले की बैलाच्या बाजारात शिंगाला रंग लावतात, दात कानशीनं घासतात, हे त्यांनी पाहिलंय, पण बैलाचे दोन पाय काढून घेऊन उभा केलेला त्यांनी पहिल्यांदाच पाहिला. मला हसू आलं नाही. आपण खाली झोपलो नसतो तर, हाच विचार डोक्यात होता. त्या दिवसापासून मी कुणाच्याही बोलण्यावर विश्वास ठेवायचा नाही असं ठरवलं, आणि पुढचा सगळा घोळ त्यातूनच झाला.

शीव कोळीवाडा

दुसरा पत्ता खोलीतल्याच एकानं दिला. शीव कोळीवाड्यात एका कोळ्याकडे मासळी वाहायची अशी गाडी आहे आणि ती विकायची आहे. निघताना विठूदादानं बजावलं, मासळीच्या गाडीत मीठ असतं, मीठ लोखंड खातं. आणि उघड्या गाड्यांतून हल्ली मोर्चाला माणसं नेतात, पोलिसांनी तिचा नंबर टिपून ठेवला नाही ना ते बघ. मी दोन्ही मनात नोंदवलं.

शीवला बसमधून उतरून कोळीवाड्यात शिरलो की मुंबई संपते. बसकी कौलारू घरं, वाळत घातलेली जाळी, आणि वास. कोळी दारात बसून जाळं शिवत होता. त्यानं आमचं ऐकून घेतलं आणि जाळ्यावरून नजर न उचलता म्हणाला, "हिराबायला इचारा." आमच्याकडे सौदा चालू असला की बायका दाराआड उभ्या राहून ऐकतात. इथं बायको बाहेर आली आणि नवरा आपल्या कामाला लागला. आबांनी माझ्याकडे पाहिलं. मी हिराबाईंकडे पाहिलं. ठेंगण्या, पोलादी, नाकात मोठी नथ, आणि आमच्याकडे बघण्याची तऱ्हा अशी की ताजी मासळी आम्हीच आहोत.

गाडी घरामागं चिंचेखाली उभी होती. इंजिनापुढच्या जाळीला हात लावला, गार होती. हे चांगलं झालं. पण ती सबंध गाडी निळ्या रंगात होती, होडीला लावतात तो रंग, ब्रशानं थापलेला. मला लगेच परळ आठवलं.

हिराबाई बोलत होत्या. त्यांची बोली मला नवी. आमची 'गाडी' त्यांच्या तोंडी 'गारी'. एवढं कळायला फार अक्कल लागत नाही. त्या बॉनेटवर थाप मारून म्हणाल्या, "बग मास्तर, आदीच सांगतंय. ही जोरलेली गारी हाय. मंग नंतर बोलू नको."

आबा माझ्या कानाशी म्हणाले, "आपल्या जनावराला समदेच जोराचं म्हणत्यात." मलाही तेच वाटलं. जोर आहे, जोरदार आहे, हे ऐकायला आम्ही एवढ्या लांब आलो नव्हतो. मी त्यांना विचारलं, एवढी चांगली आहे तर विकता कशाला? त्यावर त्या फटकन म्हणाल्या, "तुना गारी घेवाची का माझी गोष्ट आयकाची?" म्हणजे कारण सांगायचं नाही. मी हेही मनात टिपलं.

त्या आबांसाठी पाणी आणायला आत गेल्या तेवढ्यात मी खिशातल्या चाकूनं बॉनेटचा निळा रंग कोपऱ्यात खरवडला. खाली वाळूसारखा पिवळा रंग निघाला. मग मागं जाऊन हौद्याच्या कडेला खरवडलं. तिथं खाली गडद हिरवा. खाली वाकून सांगाडा खरवडला; तोही हिरवा. वरचं डोकं पिवळं, खालचं धड हिरवं.

"रंग खरवरू नको रं," हिराबाई तांब्या घेऊन मागं उभ्या होत्या. "पावसाचं पानी जाते."

त्यांना काही कळू नये म्हणून दोन घोट पाणी प्यायलो, उद्या-परवा कळवतो म्हणालो, आणि आबांना जवळजवळ ओढत बाहेर आणलं. रस्त्यावर येईपर्यंत मी मागं वळून बघितलं नाही.

गिरगाव

कोल्हापूरला माझ्याबरोबर शिकलेला दिनकर आता गिरगावात एका वकिलाच्या कचेरीत कारकून आहे. कायद्याचं त्याला कळतं, म्हणून ट्राम पकडून त्याच्याकडे गेलो. ट्राममध्ये चढताना आबांची एक वहाण खाली राहिली आणि पुढच्या थांब्यावर उतरून आम्ही परत येईपर्यंत ती नाहीशी झाली होती. एक वहाण कोण नेणार, ह्या प्रश्नावर आबा दिवसभर होते. मुंबईत एकेकच जमवत असतील, असं शेवटी त्यांनी ठरवलं.

दिनकर खोताच्या वाडीच्या तोंडाशी राहतो. ती वाडी मला फार आवडली. लाकडी घरं, बाहेरून चढणारे जिने, एका घरावर क्रूस आणि शेजारच्या दारात रांगोळी. व्हरांड्यात खुर्ची टाकून बसलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी आम्हाला कुणाला शोधता म्हणून शुद्ध मराठीत विचारलं. मी तोवर इंग्रजी वाक्य जुळवत होतो. दिनकरनं कोपऱ्यावरच्या उपाहारगृहात नेऊन मिसळ आणि पियूष मागवलं. आबांनी पियूष चाखून हे ताक कुणी नासवलं असं विचारलं, आणि मग दुसरा पेला मागितला.

माझं सगळं ऐकून दिनकर गंभीर झाला. दोन रंग म्हणजे दोन गाड्या. लष्कराच्या आगारातून माल बाहेर काढतात, एकीचं डोकं दुसरीच्या धडावर बसवतात, वरून रंग फासतात आणि तुझ्यासारख्याला विकतात. "पोलीस येतील, गाडी ओढून नेतील, आणि तुला साक्षीला बोलावतील. आरोपी म्हणून. परत जा. गावाला सांग, गाडी मिळाली नाही."

परत जाऊन तसं सांगणं अगदी सोपं होतं. गावानं ऐकूनही घेतलं असतं. फक्त जूनमध्ये मुली चौथीतून उठून पुन्हा गुरांमागं गेली असती, आणि मुलगे खाली बोर्डिंगात. मी मिसळीत पाव बुडवून तसाच धरून बसलो.

आबा म्हणाले, "बाईला इचारलंस का, डोकं येगळं आन धड येगळं कसं म्हून?"

मी म्हटलं, चोराला विचारून चोर सांगतो का?

तेव्हा त्यांनी मला बाजाराचा रिवाज सांगितला. मला तो ठाऊक होता, पण माझ्या डोक्यात आला नव्हता, कारण मी मोटार घेतोय असं मला वाटत होतं. बैल घेताना खोड एकट्यात विचारायची नाही. एकट्यात कुणीही खोटं बोलतो. खोड विचारायची ती विकणाऱ्याच्याच गावात, त्याच्याच शेजारच्या चार माणसांत. शेजारी माना खाली घालतात की नाही तेवढं बघायचं. विकणाऱ्याच्या तोंडाकडं बघायचंच नाही.

पुन्हा कोळीवाडा

दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो तेव्हा बायका टोपल्या घेऊन बाजारातून परतल्या होत्या. माणसं गोळा करावी लागली नाहीत; एक वहाण हरवल्यामुळे आबा विठूदादाच्या गिरणीतल्या बुटांत होते, ते बघायलाच पाच-सहा जणी जमल्या. मी घसा साफ करून, शाळेत बोलतो तसा मोठ्यानं म्हणालो, "बाई, या गाडीत खोड काय आहे ते या सगळ्यांसमोर सांगा."

हिराबाईंनी कमरेवर हात ठेवले. "आज पुन्ना? पयल्या दिशी सांगलं ना तुना? जोरलेली हाय म्हून?"

"जोर सगळेच सांगतात," मी म्हणालो. "मी खोड विचारतोय."

त्या शेजारणीकडे वळून म्हणाल्या, "आयकलं का? याला मास्तर कोनी केलं?" बायका हसायला लागल्या. मी आबांनी सांगितल्याप्रमाणे शेजारणींच्या चेहऱ्याकडे बघत होतो, आणि एकीचीही मान खाली गेली नव्हती.

हिराबाईंनी माझं मनगट धरलं आणि मला खाडीच्या काठाला नेलं. तिथं एक होडी उलटी घातली होती. तिची एक बाजू काळीशार, जुनी. दुसऱ्या बाजूला नव्या फळ्या, अजून पिवळ्या. "ही बग होरी," त्या म्हणाल्या. "ही बी जोरलेली. आरदी सासऱ्याची, आरदी आमी केली. आता समजलं?"

मी होडीकडे पाहिलं. होरी. होडी. 'खरवरू नको' म्हणजे खरवडू नको. गारी, गाडी. मी हळूच म्हणालो, "जोडलेली?"

"मंग मी काय सांगतंय तवापासनं? जोरलेली!"

त्या बाईनं पहिल्याच दिवशी, मी विचारायच्या आत, आपल्या गाडीची खोड स्वतः सांगितली होती. आणि मी ती फुशारकी समजून चाकू काढला होता. मी आबांकडे वळलो तर ते होडीवर हात फिरवत सांधा बघत होते. "चांगला जोरलाय," ते म्हणाले, आणि आपण काय बोललो ते त्यांच्याही लक्षात आलं.

मग तिच्या नवऱ्यानं जाळं बाजूला ठेवलं आणि पहिल्यांदा बोलला. लष्कराच्या जाहीर लिलावात त्यानं दोन मोडक्या गाड्या घेतल्या होत्या. एकीचं इंजिन चांगलं होतं पण खालचा सांगाडा वाकलेला. दुसरीचा सांगाडा शाबूत पण इंजिन फुटलेलं. दोन पावसाळे खपून त्यानं एक केली, वाहनांच्या कचेरीत तशी नोंद केली. मी तरीही त्याला घेऊन कचेरीत गेलो, दिनकरलाही बोलावलं. सगळं बरोबर निघालं, नंबरावर पोलिसांची नोंदही नव्हती. दिनकर थोडा हिरमुसला. विकायचं कारणही आता कळलं: होडीला मशीन बसवायचं होतं. मी विचारलं तेव्हाच का नाही सांगितलं, असं म्हटल्यावर हिराबाई म्हणाल्या की नड सांगितली की गिऱ्हाईक भाव पाडतं. त्यांचा संशय माझ्यावर होता, आणि तो रास्त होता.

मिठाची शंका मात्र मी सोडली नाही. ओहोटीला त्यांनी गाडी खाजणात, म्हणजे खाडीकाठच्या खारट चिखलात घातली. हौद्यात आम्ही, शेजारणी, टोपल्या आणि दगड. चिखल चाकाच्या निम्म्यावर आला, मागची चाकं नुसती फिरायला लागली, आबांनी देवाचं नाव घेतलं. मग नवऱ्यानं दांडा ओढला. पुढच्या चाकांनी चिखल उडवला, तो आम्हा सगळ्यांच्या तोंडावर, आणि गाडी कण्हत वर आली. मी खाली उतरून झोपलो. सांगाडा ठोकून पाहिला; एका ठिकाणी खपली निघाली, बाकी ठणठणीत.

भाव ठरवायला आबांनी रिवाजाप्रमाणे हातावर उपरणं टाकलं, म्हणजे खालून बोटं धरून आकडा सांगायचा, कुणाला कळू नये. मग समोर बाई आहे हे लक्षात येऊन ते तसेच थांबले. हिराबाईंनी उपरणं उचलून परत त्यांच्या खांद्यावर टाकलं. "मासलीचा भाव कापराखाली सांगतंय का मी?" आणि त्यांनी आकडा असा सांगितला की अख्ख्या कोळीवाड्याला कळला. आबा घासाघीस विसरूनच गेले. सौद्यानंतर आम्हाला तांदळाची भाकरी आणि कोळंबीचं कालवण मिळालं. आबांनी वास घेतला नाही.

रात्री खोलीत सांगितलं तर विठूदादा पोट धरून हसला. "म्हणजे संयुक्त गाडी! मुंबईसकट घेतलीत ना?"

आंबेटेक

हिराबाईंच्या नवऱ्यानंच गाडी आमच्या पायथ्यापर्यंत आणून दिली; तिथून हवालदारांनी हातात घेतली. वर गाव नारळ घेऊन उभं होतं. मी खाली उतरलो आणि नारळ फुटायच्या आत सांगितलं की ही दोन गाड्यांची जोडून केलेली गाडी आहे, डोकं एकीचं, धड दुसरीचं, आणि आम्ही ते माहीत असून घेतली आहे. नारळ फुटला, पण हार घालायला कुणी पुढं आलं नाही.

पुढचे दिवस लोक येऊन गाडी बघून जात. सगळ्यांचा प्रश्न एकच, घाट चढती का? हवालदार चढवून दाखवत. लोक मान हलवत आणि घरी जात. शाळा उघडायच्या दिवशी सकाळी मुलगे आले. मुलगी एकही नाही. मी गाडीपाशी उभा राहिलो, वाट बघितली, पुन्हा बघितली.

तेवढ्यात खालच्या आळीची कोंडाबाई आपल्या शेवंताला घेऊन आली. तिनं गाडीभोवती एक फेरी मारली. चाकाला पायानं ढोसलं. मग मला विचारलं, "थांबती का?"

मला आधी प्रश्नच समजला नाही.

"चढती हे समदे सांगत्यात. उतारावर थांबती का ते सांग."

हे कुणी विचारलं नव्हतं. हवालदारांनी गाडी तिच्यासमोर घाटाच्या पहिल्या उतारावर नेली आणि ब्रेक दाबून उभी केली. कोंडाबाईनं चाकापुढं जाऊन उभं राहून पाहिलं. गाडी हलली नाही. तिनं शेवंताला हौद्यात चढवलं आणि मागोमाग लुगडं आवरून स्वतःही चढली. मी म्हटलं, कोंडामावशी, तुम्ही कशाला? ती म्हणाली, "पोरगी देते, पर डोळं मिटून न्हाय देत."

त्या दिवशी ती हायस्कूलच्या आवारात संध्याकाळपर्यंत बसून राहिली. दुसऱ्या दिवशीही आली, तिसऱ्याही. प्रत्येक वळणावर ती हवालदारांच्या पाठीत बोट खुपसून हळू म्हणायची. चौथ्या दिवशी आणखी दोन मुली आल्या, त्यांच्या आया मात्र कोंडाबाईवर भरवसा टाकून घरीच राहिल्या.

पुढच्या आठवड्यात एका सकाळी शेवंता एकटीच आली. मी विचारलं, आई कुठं? ती म्हणाली, "भाताची लावणी हाय." आणि पाटीदप्तर आत टाकून, कुणाचा हात न धरता, चाकावर पाय देऊन वर चढली.